आधी कूलर, मग कार्बन

पत्र:

मॅडम, मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात चार वर्षांपासून कम्युनिटी हेल्थ नर्सिंग शिकवते. या वर्षी प्राचार्यांनी 'हवामानबदल आणि आरोग्य' हा विषय माझ्या गळ्यात घातला आहे. दोन तासांचं लेक्चर आणि ५ जूनला पोस्टर स्पर्धा, एवढं ठरलंय. मागच्या वर्षी मी पीपीटी दाखवली होती. वितळणारे हिमनग, पांढरं अस्वल, ओझोनचं भोक. अर्ध्या मुली पेंगल्या आणि उरलेल्यांतल्या एकीने विचारलं, "मॅडम, हे किती मार्कांना येतं?" सिलॅबस आधीच उतू चाललाय. शिवाय बऱ्याच मुलींचे वडील वेकोलीच्या कोळसा खाणीत नाहीतर वीज केंद्रात आहेत. कोळशाबद्दल बोलायला माझी जीभ रेटत नाही. मी स्वतः हा विषय कधी शिकलेले नाही. सुरुवात कुठून करू? मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे, चुकलं तर रागवा.
— एक ट्यूटर

उत्तर:

मुलीच्या वयाची आहेस म्हणालीस, तेव्हा सरळ अगंतुगंवर येते. रागवण्यासारखं एकच आहे, ते आधी उरकते. ओझोनचं भोक पीपीटीतून काढ. ओझोनचा थर विरळ होणं आणि पृथ्वी तापणं या दोन वेगळ्या भानगडी आहेत. हा गोंधळ मुलींच्या डोक्यात एकदा बसला की निघता निघत नाही. पांढऱ्या अस्वलालाही रजा दे. गोंडपिपरीहून एसटीने येणाऱ्या मुलीला त्याचं काय सोयरसुतक?

हा विषय शिकले नाही म्हणतेस, पण टीपीआर (तापमान, नाडी, श्वास) शिकलीस, इनटेक-आउटपुट (पोटात किती गेलं, बाहेर किती आलं) शिकलीस, होम व्हिजिटला घरात शिरताना खिडकी कुठे आहे ते बघायला शिकलीस. आपल्या पेशाचा पाया घालणाऱ्या फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंनी रुग्णाच्या खोलीतल्या हवेला सगळ्यात वरचं स्थान दिलं होतं. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता, तो खेड्यांतल्या स्वच्छतेबद्दल आणि पाण्याबद्दल. म्हणजे आपल्या पेशात हे पहिल्यापासून होतं. मधल्या काळात आपण भिंतींना पंखे लावले, वर एसी बसवले आणि बाहेरच्या हवेकडे बघायचं सोडून दिलं.

सुरुवात कर ती वर्गातल्या कूलरपासून. विचार मुलींना, मे महिन्यात हा कूलर खोली गार करतो आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की नुसती चिकचिक करतो, असं का? कुणीतरी सांगेलच, की हवा दमट झाली की ताटीतलं पाणी उडत नाही. मग सांग, तुमची कातडी म्हणजे कूलरची ताटीच. घाम उडाला तर अंग गार होतं, उडाला नाही तर तो नुसता वाहतो आणि आतली आग आतच राहते. आपण कोरड्या उन्हातली माणसं, पारा ४५ म्हणेल तेव्हाच उन्हाला ऊन म्हणतो. म्हणून त्यांना लगेच खारघर सांग. १६ एप्रिल २०२३, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, उघडं मैदान, लाखोंचा समुदाय. उन्हाने १४ माणसं गेली. पारा ३८च्या आसपास होता. आपल्याकडे ३८ म्हणजे लग्नाच्या वराती निघतात! पण ते समुद्राकाठचं ३८ होतं. हवामान खातं मैदानी भागात ४०च्या आत उष्णतेची लाट धरतच नाही, किनारपट्टीला मात्र हा उंबरठा ३७चा आहे. त्याचं कारण मुलींना कूलरने आधीच शिकवलेलं असेल.

आता माझी एक चूक सांगते. ही मी वर्गात दर वर्षी सांगायचे. १९९८चा मे. विदर्भातल्याच एका दवाखान्यात मी स्टाफ नर्स होते. दुपारी तीनच्या सुमाराला तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या एका माणसाला आणलं. बरळत होता, अंगावरची चादर भिरकावत होता, बायकोला ओळखत नव्हता. कॅज्युअल्टीत सगळ्यांचं एकमत झालं, प्यायलाय. मीही त्या एकमतात होते. कोपऱ्यातल्या खाटेवर टाकला आणि उतरायची वाट बघत बसलो. त्याची बायको दोनदा येऊन म्हणाली, "सिस्टर, हे पेत नाही जी." पाच वाजता राउंड येणार म्हणून मी टीपीआर भरायला घेतला, काखेत थर्मोमीटर लावला आणि पारा १०६च्या पुढे गेलेला पाहिला. त्यानंतर धावपळ. पॅरासिटामॉलचं इंजेक्शन, कपाळावर ओल्या पट्ट्या. रात्री तो गेला. कागदावर कारण पडलं 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट'. ऊन हा शब्द त्या केसपेपरवर कुठेच नव्हता.

तुझं पहिलं लेक्चर एवढ्या एका केसवर होऊ शकतं. मुलींनाच चुका शोधू दे. पहिली त्यांना लगेच सापडेल, बरळणाऱ्या माणसाचं तापमान दोन तास कुणी घेतलं नाही. दुसरी सापडायला वेळ लागेल. काखेतलं तापमान आतल्यापेक्षा कमी दिसतं, म्हणजे खरा आकडा त्याहून वर होता. अशा रुग्णाचं गुदद्वारातून घ्यायचं. तिसरी चूक आजही होते. उष्माघाताला पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. तापात मेंदूतला थर्मोस्टॅट वर सरकलेला असतो, औषध तो खाली आणतं. उष्माघातात थर्मोस्टॅट जागेवरच असतो, शरीराला उष्णता बाहेर टाकणं जमत नसतं. तिथे गोळी काय करणार? चौथी कातडीबद्दलची. पुस्तकातली 'कोरडी, लालबुंद त्वचा' पाठ करून बसू नका म्हणावं. कष्टाचं काम करताना कोसळलेला माणूस घामाने निथळत असू शकतो. १०४ फॅरनहाइट आणि त्याच्या वर तापमान, सोबत भान हरपलेलं, एवढं दिसलं की उष्माघात धरायचा आणि गार करायला लागायचं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही. आधी गार, मग रवानगी.

आणि पाचवी चूक त्या कागदाची. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ला पोचला. संशोधकांनी नंतर आधीच्या आणि पुढच्या वर्षाच्या मे महिन्याशी ताडून पाहिलं तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे १,३०० मृत्यू जास्त झाले होते. ही माणसं कुठल्या ना कुठल्या वॉर्डात, घरात, फुटपाथवर गेली आणि बहुतेकांच्या कागदावर काहीतरी दुसरंच कारण असणार, माझ्या त्या माणसासारखं. तो हिशोब पुढे आला म्हणून २०१३ मध्ये अहमदाबाद महापालिकेचा उष्णता कृती आराखडा झाला, दक्षिण आशियातला पहिला. नागपूरनेही नंतर तसा केला. आता राष्ट्रीय हवामानबदल आणि मानवी आरोग्य कार्यक्रमाखाली उन्हाळ्यात उष्माघाताच्या संशयित रुग्णांची माहिती आयएचआयपी या सरकारी आरोग्य-माहितीच्या पोर्टलवर भरावी लागते. ती भरायला लागणारी पहिली ओळ बहुतेक वेळा सिस्टरच्या हातून लिहिली जाते. रुग्ण कुठे काम करत होता, किती वाजल्यापासून, सापडला तेव्हा तापमान किती. मुलींना ही ओळ लिहायला शिकव. 'हवामानबदलात परिचारिकेची भूमिका' या प्रश्नाला पुस्तकात आठ मुद्दे असतील, मला हा एक पुरेसा वाटतो.

दुसरा तास वर्गात घेऊच नकोस, अंगणात घे. ताडपत्री आण. एका मुलीला रुग्ण कर (हाडकुळी नको, जड बघ, खरा रुग्ण जडच असतो). तिला ताडपत्रीवर निजवून चौघी-पाचजणींनी कडा उचलून धरायच्या, म्हणजे मधे द्रोण होतो. त्यात आठ-दहा बादल्या पाणी आणि बर्फ, आणि ताडपत्री हळूहळू हलवत राहायची. डोकं वर, एकीचं लक्ष फक्त श्वासाकडे. ड्रिलला साधं पाणी घे, बर्फाचं नाटक कर. पण घड्याळ खरं लाव, हाक मारल्यापासून पाणी अंगावर पडेपर्यंत किती मिनिटं गेली ते बघ. पहिल्या वेळी गोंधळ उडेल, कुणाला बादली सापडणार नाही, कुणी हसत सुटेल. दोनदा, तीनदा करून घे. रुग्णाचं तापमान १०२च्या आसपास उतरलं की थांबायचं, नाहीतर ते फार खाली घसरतं. म्हाताऱ्या, हृदयाच्या रुग्णाला बुडवणं झेपत नसेल तर ओली चादर आणि जोराचा पंखा. ती युक्ती आपल्या कोरड्या मे महिन्यात चालते, रत्नागिरीत तितकीशी चालणार नाही. का, ते परत कूलरवर आलंच.

बर्फ कुठून आणायचा, हा प्रश्न मुलींवरच सोड. मी विचारायचे तेव्हा 'फ्रीझरमधून' असं उत्तर यायचं आणि मी त्यांना पीएचसीतला फ्रीझर उघडून दाखवायचे. लसींचे आइसपॅक, ते हलवता येत नाहीत. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, रसवंतीवर लादी असते ना." उन्हाळ्यात बर्फ हमखास असतो तो उसाच्या रसवाल्याकडे. इतकं साधं उत्तर मला पंधरा वर्षांच्या नोकरीत सुचलं नव्हतं.

सिलॅबस उतू चाललाय म्हणतेस, ते खरं आहे. म्हणून नवा तास मागूच नकोस. २०२१च्या सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रमात कम्युनिटी हेल्थच्या पर्यावरणाच्या युनिटमध्ये हवामानबदलाचं नाव आहेच, तेवढा पाय ठेवायला पुरे. बाकीचं जे चालू आहे त्यात मिसळ. मेडिकल-सर्जिकलच्या ट्यूटरला सांग, औषधांचा चार्ट वाचताना उन्हाळ्यात एक प्रश्न जास्त विचारा, यातलं कुठलं औषध उन्हात घात करेल? लघवीच्या गोळ्या पाणी काढतात. काही मानसिक आजारांच्या औषधांनी घाम कमी येतो. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी आटलं की औषधाची पातळी चढते. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांच्या कानावर घालायचं. इन्सुलिनवाल्या आजीकडे फ्रीज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं, हे तिला नीट दाखवून यायचं. बालरोगवाल्या ट्यूटरला अहमदाबादच्या शारदाबेन रुग्णालयाची गोष्ट दे. त्याच २०१०च्या उन्हाळ्यात तिथे नवजात बाळं उष्णतेने तापून दाखल व्हायला लागली. बाळंतिणींचा वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावर होता, गच्ची तापायची ती थेट त्यांच्या डोक्यावर. वॉर्ड खाली आणला आणि अशी बाळं येणं कमी झालं. औषध कुठलंही नव्हतं त्यात. खाटा हलवल्या.

हे सांगून झालं की मुलींच्या हातात एक तापमान-आर्द्रतेचं यंत्र दे, काहीशे रुपयांत मिळतं. दुपारी दोनला आणि रात्री अकराला आकडा लिहायचा. पहिला आठवडा स्वतःच्या हॉस्टेलच्या खोलीत, दुसरा पोस्टिंगच्या वॉर्डात, तिसरा फॅमिली फोल्डरमधल्या, म्हणजे होम व्हिजिटला वाटून दिलेल्या कुटुंबांतल्या, एखाद्या टिनाच्या घरात. रात्रीचा आकडा विसरू देऊ नकोस. दिवसा तापलेलं शरीर रात्री निवतं, तेवढ्यावर माणूस दुसऱ्या दिवशी उभा राहतो. रात्रही निवली नाही तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी खाटा भरायला लागतात. हॉस्टेलचा आकडा बघून प्राचार्य जरा अस्वस्थ होतील, तेवढी तयारी ठेव. माझ्यावर तर त्यावरून मेमोची वेळ आली होती, पण दोन कूलर वाढले.

होम व्हिजिटच्या फॉर्मवर चार प्रश्न हाताने वाढव. रात्री कुठे झोपता? काम किती वाजता सुरू होतं, सावली आहे का? पिण्याचं पाणी मे महिन्यात कुठून येतं? कामावर लघवीला जायची सोय आहे का? हा शेवटचा प्रश्न ऐकून मुली लाजतील, पण बायका पाणी का पीत नाहीत याचं उत्तर तिथेच असतं. वीटभट्टीवरच्या बाईला 'भरपूर पाणी प्या' असा हेल्थ टॉक देऊन आलो की ती मान डोलावते आणि आडोसा नाही म्हणून दिवसभर घसा कोरडा ठेवते.

आता कोळसा. माझे सासरे खाणीत होते, त्यामुळे तुझी जीभ का अडते ते मला कळतं. चंद्रपूरचं वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं, त्यावर कितीतरी घरं उभी आहेत. तरी खोटं बोलायचं नाही आणि गोलमोलही नाही. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्याने निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेत साचतो आणि त्याने पृथ्वी तापते, हे एका वाक्यात सांग. औद्योगिक काळाच्या आधीच्या तुलनेत २०२४ हे दीड अंशाहून जास्त तापलेलं पहिलं वर्ष ठरलं, हेही सांग. त्याच श्वासात सांग, की खाणीत उतरणाऱ्या माणसाने हा धंदा स्वतःच्या हौसेने काढलेला नाही, ती वीज मुंबईतही जळते. आणि मग मुलींना घरी पाठव वडिलांची मुलाखत घ्यायला. उघड्या खाणीत मे महिन्यात दुपारची पाळी कशी जाते? डंपरच्या केबिनमध्ये काय होतं? कुणाला चक्कर आलेली पाहिली का, तेव्हा काय केलं? माझ्या अनुभवात या मुलाखतींनी वर्ग जितका जागा होतो तितका कुठल्याही स्लाइडने होत नाही. बाप आरोपीच्या पिंजऱ्यातून उठतो आणि साक्षीदाराच्या जागी बसतो. धोरणावर वाद झालाच तर होऊ दे, तू पंच होऊ नकोस.

एक पथ्य मात्र पाळ. प्रत्येक उष्माघात हवामानबदलाने झाला असं मुलींना म्हणू देऊ नकोस. विदर्भाला ऊन नवं नाही, आपले आजोबाही दुपट्ट्यात कांदा बांधूनच निघायचे. उष्णतेच्या लाटा वाढल्या आणि तीव्र झाल्या, त्यात माणसाचा हात आहे, एवढं विज्ञान ठामपणे सांगतं. समोरच्या एका रुग्णाबद्दल तसं ठामपणे बोलता येत नाही. सिगारेट आणि कॅन्सरसारखंच आहे हे, मुलींना पटकन समजतं.

पावसाळ्याबद्दल फार लिहीत नाही, ते तुम्ही शिकवताच. डेंग्यू, अतिसार, पुराच्या पाण्यातून चालून आलेल्याला लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) शंका. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला आणि पुढच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोची साथ आली, हे उदाहरण पुरेसं बोलकं आहे. फक्त वेळापत्रक उलटं कर. उन्हाचा भाग फेब्रुवारीत, पाण्याचा मे महिन्याच्या अखेरीस. ५ जूनला उष्माघात शिकवणं म्हणजे वरात गेल्यावर घोडं.

मार्कांबद्दल विचारणाऱ्या मुलीवर चिडू नकोस, ती व्यवहारी आहे. तिला मार्क दे. ओएससीईमध्ये, म्हणजे स्टेशनवार घेतल्या जाणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेत, एक स्टेशन लाव. बरळणारा माणूस, शेजारी थर्मोमीटर, बादली, पॅरासिटामॉलची स्ट्रिप आणि पाच मिनिटं. जिचा हात आधी स्ट्रिपकडे गेला तिचे मार्क कापायचे.

हॉस्पिटलच्या कार्बनवर बोलायचंच असेल तर पिवळ्या पिशवीपुरतं बोल, म्हणजे जाळायच्या वैद्यकीय कचऱ्याच्या पिशवीपुरतं. चहाचे कप, ग्लोव्ह्जची खोकी, वर्तमानपत्र त्यात पडलं की तेही भट्टीत जळायला जातं. ड्यूटीवरच्या मावशींना विचारलंस तर कुठली पाळी सगळ्यात जास्त घोळ घालते ते त्या नावासकट सांगतील.

राहिली पोस्टर स्पर्धा. प्राचार्यांनी जाहीर केलीच आहे तर होऊ दे, पण तारीख फेब्रुवारीत ओढून घे आणि विषय बदल. 'पृथ्वी वाचवा' नको. 'बरळणारा माणूस आला तर पहिली दहा मिनिटं', मराठीत, मोठ्या अक्षरांत, लांबून वाचता येईल असं. निकाल कॅज्युअल्टीच्या इन्चार्ज सिस्टरला लावू दे. पहिलं आलेलं पोस्टर तिथल्याच भिंतीवर चिकटवा, आणि खाली कोपऱ्यात जवळच्या रसवंतीवाल्याचा फोन नंबर, त्याला आधी विचारून.